उडी बसणार की नाही हे आधीच कसं कळतं? (ट्रायल्स सायकल, बडोदा)

पॅलेटवाला

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी नवलखी मैदानावर आम्ही तिघं-चौघं ट्रायल्सचा सराव करतो. म्हणजे सीट नसलेली सायकल, लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी), सिमेंटचे ठोकळे, आणि पाय खाली न टेकवता एकावरून दुसऱ्यावर उड्या. बघायला लोक थांबतात आणि त्यातले एक तरी काका हमखास विचारतात की अरे पण तुला कळतं कसं एवढं अंतर जाईल म्हणून, टेपने मोजता का. नाही मोजत. आणि नाही मोजत म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, पोरगं रामभरोसे उड्या मारतंय. तसं बिलकुल नाहीये, पण मग कसं आहे ते मला धड सांगता येत नाही म्हणून हा धागा.

माझ्यापुरतं सांगतो. मागच्या चाकावर उभा राहून, ब्रेक दाबून समोरच्या ठोकळ्याकडे बघितलं की हे जातंय किंवा हे नाही जात असं एकदम वाटतं. फूट-इंच मध्ये येतच नाहीत. तेच अंतर किती असेल असं कोणी विचारलं तर मी दीड मीटर ठोकून देईन आणि मोजल्यावर निघेल पावणेदोन. आकडा चुकतो, उडी चुकत नाही. हे कसं काय? जाणकारांनी लिहा, आणि जाणकार नसलेल्यांनीही लिहा, तसंही कोण थांबणार आहे.

रिकामटेकडा

नवलखीवर टेप घेऊन फिरलात तर लोकांना वाटेल गरब्याचा मंडप घालताय. पासची चौकशी सुरू होईल.

चाळीस_पीएसआय

आतून वाटतं वगैरे ठीक आहे पण गुरुत्वाकर्षण तुमच्या वाटण्याला विचारत नाही. साधं गणित घ्या. ८० सेंमी उंचीच्या ओट्यावरून सायकल आडवी सुटली, वर काही उचललं नाही असं धरा. खाली यायला ०.४ सेकंद, रायडर जाडा असो की काडी. ताशी १५ किमीने सुटलात तर तेवढ्यात १.७ मीटर पुढे जाल, १८ ने २ मीटर, २१ ने २.३५ च्या आसपास. म्हणजे वेग ताशी फक्त ३ किमी इकडचा तिकडे झाला तर उतरायची जागा फूटभर सरकते. पॅलेटची रुंदी किती? मीटर, सव्वा मीटर. आता बोला.

आणि चाकं सुटल्यावर हवेत काही दुरुस्ती करता येत नाही. सायकल पुढे ढकलू शकता, मागे ओढू शकता, नाक वर-खाली करू शकता, पण तुम्ही आणि सायकल मिळून जिथे जायचं ते सुटताना ठरलेलं असतं. सगळा निर्णय आधीच झालेला असतो आणि तो आकड्यांचाच असतो, तुम्हाला आकडे दिसत नाहीत एवढंच. म्हणून मी म्हणतो की मोजा. वहीत लिहा. हवा किती भरली तेपण लिहा.

पॅलेटवाला

@चाळीस_पीएसआय गणित मान्य, पण ते धावत येऊन मारलेल्या उडीचं झालं. आमच्या बऱ्याच उड्या जागेवरून असतात, वेग शून्य. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकावर टुकटुक उड्या मारत तोल सांभाळायचा, दोन्ही ब्रेक घट्ट. चांगला पाय पुढे, पेडल जवळजवळ आडवं. मग अंग मागे सोडायचं, इतकं मागे की आता पाठीवर पडणार असं वाटलं पाहिजे, आणि बरोबर त्या क्षणी मागचा ब्रेक सोडून पुढच्या पायाने अर्धा फेरा कचकन मारायचा आणि अंग ताणत पुढे फेकायचं. मागचं चाक आपल्याच ठोकळ्याच्या कडेला पोचेपर्यंत पेडल मारून झालेलं असतं. मग हवेत गुडघे वर, आणि टेकताना ब्रेक परत गच्च. हे सगळं 'एक' म्हणायला लागतो तेवढ्यात होतं. यात गणित नक्की कुठे बसवायचं ते तूच सांग.

मोठे रायडर असे जागेवरून दोन मीटरच्या पलीकडचे गॅप मारतात. आपण आपल्या पायरीवर आहोत.

ग्वाल्हेरची_शुभा

मी बडोद्याची नाही, ग्वाल्हेरला फिजिओ आहे, खेळाडूंचेच गुडघे बघते दिवसभर. पॅलेटवाला, तुमचा "आकडा चुकतो, उडी चुकत नाही" हा मुद्दा यातला सगळ्यात भारी मुद्दा आहे आणि त्यावर खरंच काम झालेलं आहे.

विल्यम वॉरेन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८४ चा प्रयोग आहे. उंच आणि बुटक्या लोकांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या दाखवल्या आणि विचारलं, हात न लावता चढता येईल का. सेंटिमीटरमध्ये दोन्ही गटांची उत्तरं वेगळी आली, उघड आहे. पण प्रत्येकाच्या स्वतःच्या पायाच्या लांबीशी गुणोत्तर काढलं तर सगळ्यांची 'आता नाही जमणार'ची हद्द एकाच ठिकाणी, पायाच्या लांबीच्या ०.८८ पट. आणि शरीराच्या ठेवणीवरून काढलेली हद्दसुद्धा तीच. म्हणजे लोकांना पायरी किती सेंटिमीटर आहे ते दिसत नव्हतं, आपल्या पायाला झेपेल का ते थेट दिसत होतं.

तुमचंही तेच असणार. तुमची नजर मीटर मोजतच नाही, ती तुमच्या ताकदीच्या पट्टीने मोजते. पट्टीवर मीटरचे आकडेच नाहीत तर तोंडाने सांगताना चुकणारच की. आणि ही पट्टी जन्माला येताना घेऊन कोणी येत नाही, ती सरावाने आखली जाते.

एक्सपल्स_बापू

वाह शुभाताई, एकदम सॉलिड. मी मोटरसायकलवाला आहे, सिंधरोटच्या बाजूला महीच्या कोतरांमधे, म्हणजे नदीकाठच्या घळींमधे, एक्सपल्स घेऊन पडत असतो. खऱ्या ट्रायल्स मोटरसायकली ७० किलोच्या आसपास असतात, माझी दीडशेच्या वर, तेव्हा आमचं ट्रायल्स म्हणजे म्हशीला भरतनाट्यम शिकवणं आहे. तरी सांगतो.

ट्रायल्सच्या कॉम्पिटिशनमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे की सेक्शनमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या आखून दिलेल्या पट्ट्यात, आधी गाडी घालून बघायची परवानगीच नसते. पायी फिरून बघायचं. मग जे काय ते पहिल्याच फटक्यात. पाय एकदा टेकला १ पॉइंट, दोनदा २, त्याच्या पुढे कितीही वेळा ३, आणि पडलात किंवा बाहेर गेलात की ५. ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. म्हणजे स्पर्धा अर्धी पायी फिरतानाच होते. व्हिडिओ बघा तुम्ही, मोठे मोठे रायडर दगडाशी उकिडवे बसून बुटाने घासून बघतात, पकड आहे का, हलतो का, आधीच्याने चिखल आणून ठेवलाय का. टोनी बू २००७ ते २०२५ दर वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला, इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही, आणि तोपण पायी फिरतोच. तो आधी सायकल ट्रायल्स करायचा हेपण इथल्या सायकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला लक्षात ठेवावं.

आमच्या कोतरात एक वेगळीच भानगड असते. अंतर बरोबर ओळखलं, वेग बरोबर, सगळं बरोबर, आणि सुटायच्या वेळी कोतराची कडच खाली बसली. गाळाची माती आहे, वरून कडक दिसते आणि आतून भुसभुशीत, पावसाळ्यानंतर तर विचारूच नका. म्हणून मी पोरांना सांगतो की जिथे उतरणार ते सगळेच बघतात, जिथून सुटणार तिथे आधी जाऊन लाथा मारा.

चाळीस_पीएसआय

@शुभा प्रयोग चांगला आहे पण पायरी चढणं आणि दीड मीटर उडी यात फरक आहे. पायरी आपण रोज चढतो. उडीच्या बाबतीत पट्टी आखायला लागणारा डेटा कुठून आणणार? पडूनच ना?

आणि पट्टी ताकदीची आहे म्हणता, मग ताकद बदलली की? सायकल बदलली की? साध्या फ्रीव्हीलमध्ये पेडल पकडायच्या आधी वीसेक अंश रिकामं फिरू शकतं. ट्रायल्सचं फ्रीव्हील पेडलच्या बाजूला पुढे असतं आणि जवळजवळ लगेच पकडतं. ज्याची नजर एकावर तयार झाली त्याला दुसरी सायकल दिली तर अर्धा फेरा मारायचा त्यातला काही हिस्सा फुकट गेला. डोळे तेच, ठोकळा तोच, आणि माणूस खाली. इथे तुमची आतली पट्टी काय करते?

पॅलेटवाला

हे मात्र शंभर टक्के खरं. दुसऱ्याची सायकल घेतली की पहिली काही मिनिटं नजर खोटं बोलते. सगळंच जवळ वाटतं. २६ इंचीवरून २० इंचीवर गेलं की तर फारच, चाकं लहान, सायकल आखूड, मागे अंग सोडायचा क्षण लवकर येतो. म्हणून आमच्यात कोणी सायकल बदलली की आधी जमिनीवर खडूच्या दोन रेघांमध्ये उड्या मारायच्या, मग पॅलेट, हा अलिखित नियम आहे.

हवेचंही तसंच. आम्ही मागच्या टायरमध्ये हवा कमी ठेवतो, पकड मिळते आणि चाक दबून उसळी देतं. उन्हात सायकल उभी राहिली की टायर कडक होतो आणि उसळी बदलते. एप्रिल-मे मध्ये बडोद्यात सकाळी साडेनऊनंतर माझ्या उड्या बिघडतात, मला आधी वाटायचं ऊन लागतंय म्हणून, पण टायर दाबून बघितला की कळतं.

पण थकव्याबाबत एक गंमत सांगतो. पाय भरून आले की तोच गॅप मला मोठा दिसायला लागतो. खरंच मोठा दिसतो, भीती वाटते असं नाही. म्हणजे पट्टी आपोआप बदलतेय ना? आकड्याच्या वहीत ते कुठून येणार.

झाप_मास्तर

सगळं वाचलं. मी दांडिया बाजारचा, माझा जन्म मल्लखांबावर गेला. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी आलो, आता वय झालं, पोरांना खालून ओरडायचं काम करतो. सायकलीतलं मला कळत नाही पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

मल्लखांबावर झाप म्हणून प्रकार असतो. लाकूड पूर्ण सोडायचं आणि हवेतून परत धरायचं. पोराला विचारा किती अंतर सुटला होतास, शपथ सांगतो एकाला सांगता येत नाही. पण आम्ही झाप कधी पहिल्या दिवशी शिकवत नाही. आधी अढी, मग तेढी, दसरंग, त्यात हाताला, मांडीला, बगलेला लाकूड कळतं, कुठे बारीक होतं, कुठे जाड, एरंडेल किती लावलंय. ते कळलं की सोडणं म्हणजे फक्त सोडणं राहतं. ज्या पोराचा पाया कच्चा त्याला अंदाज शिकवूच शकत नाही, कितीही सांगा.

आणि दुसरी गोष्ट, तुम्हा कोणाच्याच लिहिण्यात नाही आली. आम्ही पडायला आधी शिकवतो. ज्याला कसं पडायचं ते येतं त्याची नजर खरी सांगते. ज्याला पडायची धास्ती आहे त्याला हात ताणून मिळेल असं लाकूडपण लांब दिसतं, मग तो कचरतो, कचरला की हात अर्धा जातो, आणि अर्धा हात गेला की पडला. मग म्हणतो मास्तर, मी म्हटलंच होतं लांब आहे म्हणून.

एक्सपल्स_बापू

मास्तर दंडवत 🙏 हे अर्ध्या मनाने मारण्याचं तर आमच्याकडे सर्वात जास्त हाडं मोडणारं प्रकरण आहे. गॅप जात होता, शंभर टक्के जात होता, शेवटच्या क्षणी गॅस बंद केला. हवेत नाक खाली, पुढचं चाक कडेला आपटलं, माणूस हँडलवरून. पूर्ण मारला असता तर गेला असता, नसता मारला तर उभा राहिला असता. मधलं काही नसतं.

मीराकाकू

मी हे सगळं वाचून घाबरलेय हं. आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, अकोट्याला राहतो आम्ही, आणि त्याने त्या स्कॉटलंडच्या मुलाचे व्हिडिओ बघून गच्चीच्या कठड्यावर सायकल चढवायचं खूळ घेतलंय. त्याला विचारलं तर म्हणतो आई मला आतून कळतं. आता तुम्ही सगळे इथे तेच म्हणताय!

पॅलेटवाला

काकू, आधी गच्चीला कुलूप लावा, बाकी नंतर.

त्याला आतून अजून काही कळत नाही, त्याला फक्त हौस आहे. दोन्ही सारखंच वाटतं हा खरा लोच्या आहे. तो व्हिडिओ डॅनी मॅकॲस्किलचा असणार, एडिनबरोचा, २००९ मधे आलेला. तो तिथे सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता, लहानपणापासून हेच करत आलेला, आणि तरीसुद्धा त्या काही मिनिटांचं शूटिंग महिनोन्‌महिने चाललं होतं. आपल्याला दिसतात त्या फक्त बसलेल्या उड्या.

त्याला रविवारी आणा नवलखीवर. पहिले बरेच दिवस त्याला आम्ही एकाच जागेवर सायकलवर उभं राहायला लावू, पाय न टेकता. कंटाळून घरी गेला तर प्रश्न मिटला, नाही गेला तर मग शिकवू.

ग्वाल्हेरची_शुभा

@मीराकाकू हौस आणि अंदाज यातला फरक बघायची एक सोपी युक्ती आहे. मुलाला सांगा की जमिनीवर रेघा मार आणि उडी मारायच्या आधी बोल, जाईन की नाही. चुकला तरी काही लागत नाही. ज्याला खरंच कळतं तो "नाही" पण म्हणतो. जो प्रत्येक रेघेला "जाईन" म्हणतो त्याला अजून काही कळत नाही.

@चाळीस, धावत येऊन मारायच्या उडीबद्दल एक राहिलं. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांचा १९८२ चा लांब उडीवाल्यांचा अभ्यास आहे. खेळाडू म्हणतात आमची पावलं ठरलेली असतात, मोजून पळतो. चित्रण बघितल्यावर काय दिसलं, तर सुरुवातीची पावलं खरंच एकसारखी पडतात, पण त्यातही थोडी थोडी चूक साठत जाते, आणि शेवटच्या काही पावलांत ती लांबी कमी-जास्त करून फळीवर बरोबर पाय आणतात. ते डोळ्याने होतं, पळता पळता, आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे आधी ठरवलेला आकडा आणि ऐनवेळची नजर दोन्ही चालू असतात. तुम्ही दोघं भांडताय ते एकाच उडीच्या दोन टोकांवरून भांडताय.

चाळीस_पीएसआय

भांडत नाहीये, बडोद्यात याला चर्चा म्हणतात.

बरं, मग माझं म्हणणं असं मांडतो. आतली पट्टी आहे, मान्य. पण ती जेवढ्यापर्यंत सराव झालाय तेवढ्यापर्यंतच खरी आहे. ज्याने दीड मीटरपर्यंत मारल्यात त्याला एक-चाळीस आणि एक-साठ मधला फरक दिसेल. तीन मीटर दाखवा, त्यालापण तो नाही म्हणेल आणि बरोबर असेल. पण एक-नव्वद? तिथे पट्टी संपलेली असते आणि माणसाला ते माहीत नसतं. तिथेच लोक पडतात. म्हणून टेप. उडीच्या आधी नको, उडीच्या नंतर मोजा, म्हणजे आपली पट्टी कुठे संपते ते तरी कळेल.

पॅलेटवाला

नंतर मोजायचं हे पटलं. खरं सांगायचं तर आम्ही ते करतोच, फक्त टेपने नाही. पॅलेट सरकवताना चार बोटं, चार बोटं असं सरकवतो. आरामात बसली आणि तीनदा लागोपाठ बसली की पुढची चार बोटं. एकदा बसली ती धरायची नाही, ती नशिबाची असू शकते. आणि टेकल्यावर मागचं चाक कडेपासून किती आत आलं ते बघायचं, टायरचा ओरखडा उमटतो लाकडावर. कडेवरच ओरखडा असेल तर उडी बसली तरी ती नापास.

उंचीच्या बाबतीत मात्र नजर जास्त फसवते असा माझा अनुभव. खालून बघितलं की कठडा बुटका वाटतो, वर चढून खाली बघितलं की विहीर. म्हणून वरून उतरायचा गॅप असेल तर मी आधी खाली जाऊन, जिथे उतरणार तिथे उभा राहून वर बघून येतो. मग वरून परत बघितलं की दोन्हीचा मेळ बसतो.

झाप_मास्तर

तीनदा लागोपाठ हे उत्तम. आमचा पाच वेळांचा नियम आहे पण तुमची सायकल जड, चालेल.

एक्सपल्स_बापू

पॅलेट कुठून आणता तेवढं सांगा. मकरपुरा जीआयडीसीत विचारलं तर भंगारवाल्याने नव्याचा भाव सांगितला.

पॅलेटवाला

जीआयडीसीतच, पण गेटवरच्या भंगारवाल्याकडे नको, आतल्या पॅकिंगवाल्यांकडे तुटके असतात ते शनिवारी संध्याकाळी काढून टाकतात. एक फळी तुटलेली चालते, ठोकळे शाबूत पाहिजेत. सगळे खिळे हाताने चाचपून ठोकून घ्यायचे, वर आलेला एक खिळा टायर फाडतो आणि नडगीपण. नडगीवरून आठवलं, काकू, हेल्मेट तर हवंच पण नडगीचे पॅड आधी घ्या. पेडलला टोकदार खिळे असतात आणि पाय निसटला की पहिलं तेच लागतं.

मीराकाकू

घेते. आणि जागा ती नवलखीचीच ना? हा म्हणत होता विश्वामित्रीच्या काठाला पण छान उतार आहेत.

रिकामटेकडा

काकू तिथे मगरी थंडीत ऊन खात पडलेल्या असतात. तिथे उडी चुकली तर पॉइंट ५ नाही, डायरेक्ट जेवण.

चाळीस_पीएसआय

@पॅलेटवाला शेवटचा प्रश्न. बाजूला मारायच्या उड्या, म्हणजे सायकल आडवी उभी करून कुशीवर वर चढवता ती. तिथेपण हीच नजर चालते का?

पॅलेटवाला

नाही, तिथे सगळं नव्याने शिकावं लागतं. माझा डावा पाय पुढे असतो आणि मी उजवीकडे चढतो, त्या बाजूला उंची बघितली की लगेच कळतं. तीच उंची डावीकडे असली तर काहीच कळत नाही, पाटी कोरी. बहुतेक जण एकाच बाजूने तयार होतात. त्यामुळे सेक्शन बघताना मी आधी हे बघतो की कुठली उडी माझ्या बाजूची आहे, आणि डावीकडची आली की सायकल फिरवून घ्यायला जागा आहे का. जागा नसेल तर तिथे पुढचं चाक आधी टेकवून चढतो, वेळ जातो पण चढतो. बापूंनी सांगितलं तसं, पायी फिरतानाच हे ठरवून टाकायचं.